गाडीतलं नाशिकचं घर

अहो, काल खंडेनवमी झाली. गाडीला हार घातला नाही, हळदकुंकू लावलं नाही, लिंबूही बांधलं नाही. वर्षभर आपल्याकडे सण नाही, हे मला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी सांगून झालंय. पण नकाशा घातला. नकाशा काही सण नाही. तुम्ही पेनड्राइव्ह भरून गाडीच्या खणात ठेवला होतात. तो तसाच पडून राहिला असता तर माझ्या जिवाला स्वस्थता लाभली नसती. तुमचं अर्धवट काम समोर दिसलं की माझी चिडचिड होते, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

भेटायला येणारी माणसं तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. मोरे म्हणजे शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एमआयडीसीत इतकी वर्षं काढली पण आवाज म्हणून चढवला नाही. मी मान हलवते आणि चहा पुढे करते. मनात म्हणते, हा शांत माणूस एका सेकंडहँड गाडीच्या नकाशावरून माझ्याशी किती भांडलाय ते तुम्हाला सांगितलं तर हातातला कप खाली ठेवाल. ते भांडण आता मला एकटीला चालवावं लागतंय. दोन्ही बाजू मीच मांडते, आणि बहुतेक वेळा तुम्ही जिंकता. जिवंतपणी एवढं जिंकला नव्हतात.

गाडीत आपली बसायची पद्धत सगळ्या बोईसरला माहीत होती. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं म्हणून तुम्ही लायसन्सच काढलं नाहीत. गाडी मी चालवायची आणि रस्ता तुम्ही सांगायचा. उजवीकडे मी, डावीकडे तुम्ही, आणि मध्ये पडद्यातली ती हिंदी बोलणारी बाई. मी त्या बाईचं एक अक्षर ऐकत नसे. मी घिवलीची. हा सगळा पट्टा माझ्या पायाखालचा. कुठे चुकलंच तर काच खाली करून विचारायला मला तोंड आहे. आणि नकाशा हवाच असेल तर फोनमध्ये आहे, रोज ताजा.

"मासवण ओलांडलं की फोनची रेंज जाते," तुम्ही म्हणायचात. "गाडीचा नकाशा गाडीतच असतो."

"मासवणच्या पुढे आपण वर्षातून किती वेळा जातो?"

"जातो तर खरं ना?"

बस, एवढंच. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत राहायचात. कारखान्यात तुम्ही मीटर, गेज आणि वॉल्व्हची देखभाल केलीत. जो काटा खोटं दाखवतो तो नसलेला बरा, हे तुमचं ठाम मत. तोच न्याय गाडीच्या पडद्याला. जुना नकाशा म्हणजे खोटं बोलणारा काटा. तेव्हा मला हे खूळ वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

तरी वैतरण्याच्या त्या लग्नाची गोष्ट मी विसरलेले नाही. गाडी नवीनच आपल्याकडे आली होती आणि तुमच्या हट्टापायी मी पहिल्यांदा, आणि कालपर्यंत एकदाच, त्या बाईचं ऐकलं. तिनं आपल्याला स्टेशन मागे टाकून, मिठागराच्या बांधावरून, थेट खाडीच्या काठावर नेऊन उभं केलं. समोर पाणी, आणि ती म्हणतेय, "सीधे जाइए." जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी मान वर करून आपल्याकडे पाहिलं.

"खय चाललेव?" त्यांनी विचारलं. "आता फुडं रस्ता नाय. पाणी हाय."

मी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अंगावर जरीची साडी, वर लग्नाचा मुहूर्त टळत चाललेला. तुम्ही मात्र गंभीर. "नकाशा जुना आहे. तिचा बिचारीचा काय दोष?" त्या बाईची बाजू घेतलीत, माझी नाही. त्या आठवड्यातच तुम्ही नकाशा नवा करायच्या मागे लागलात.

आणि तिथेच ते नाशिकचं घर सापडलं.

गाडी आपण नाशिकच्या एका माणसाकडून घेतली होती. पडद्यावर घराचं एक छोटं चित्र आहे. ते दाबलं की गाडी आपल्याला आपल्या घराचा रस्ता दाखवते. आपण दाबलं तेव्हा तिनं नाशिकच्या कुठल्याशा गल्लीचा रस्ता दाखवायला सुरुवात केली. शिवाय नवा नकाशा गाडी घेईना, कारण कंपनीच्या लेखी ती अजून त्या माणसाच्याच नावावर होती. मग तुम्ही त्याला फोन लावलात. त्यानं आपल्या बाजूनं गाडी मोकळी केली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काका, त्यात माझं घर अजून दिसतं का हो?" दिसतं, म्हणालात. आई गेल्यावर भावांनी मिळून ते घर विकलं, तो म्हणाला. आता तिथे इमारत उभी राहतेय.

तुम्ही फोन ठेवलात. मी म्हटलं, पुसा आता ते आणि आपलं घाला.

"नको," म्हणालात. "त्याचं घर आता आपल्या गाडीतच उरलंय. असू दे."

मला तेव्हा तुमचं फार कौतुक वाटलं होतं. बोलले नाही. तुम्हाला चढवून ठेवायची माझी रीत नव्हती. आज सांगते, त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की संध्याकाळी मी उगीचच घावणे केले आणि कारण विचारलंत तर पीठ उरलं होतं म्हणाले.

पण त्या घराचं पुढे काय झालं ते बघा. माझी आणि तुमची जुंपली की मी म्हणायची, "मी चालले घरी." आणि तुम्ही, वर न बघता, "कुठल्या? नाशिकच्या?" मग राग कुठला टिकतोय!

नवमीची ती पहिली फजिती तर अजून सगळ्यांना आठवते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तर गाडीला त्याच दिवशी नवा नकाशा द्यायचा, असं तुमच्या डोक्यानं घेतलं. पेनड्राइव्ह लावला. इंजिन चालू. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत गाडी बंद करू नका. तुम्ही ते मला मोठ्यानं वाचूनही दाखवलंत. मग मी आरतीचं ताट घेऊन खाली आले, तुम्ही कुंकवात बोट बुडवलंत, आणि डाव्या हातानं किल्ली फिरवून, काढून, खिशात टाकलीत. सगळं आयुष्य कारखान्यात हेच शिकलेलात आणि नव्या मुलांना हेच शिकवलेलंत. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. आधी यंत्र बंद, किल्ली आपल्या खिशात, मग हात पुढे. पूजेलासुद्धा.

पडदा काळा झाला. मध्ये नुसती कंपनीची खूण. तुम्ही कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून उभे. असा पडलेला चेहरा मी तुमचा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

तारापूर रोडवरच्या त्या दुरुस्तीवाल्यानं पडदा खोलून बघितला आणि म्हणाला, "अंकल, आधे में चाबी कौन निकालता है? ये तो आयसीयू में है." दुसऱ्याच्या चुकीबद्दल कधी ओरडला नाहीत, स्वतःच्या चुकीनं मात्र दोन घास कमी जेवलात. पडदा महिन्याभरानं जिवंत होऊन परत आला. नाशिकचं घर त्यात जसंच्या तसं होतं. मला वाटतं, तुम्हाला धास्ती त्याचीच होती.

त्यानंतर दरवर्षी नवमीला आपली गाडी सुरू ठेवूनच पूजा. मी कुंकू लावायची आणि तुम्ही आत बसून किल्लीवर हात ठेवायचात, स्वतःवरच पहारा दिल्यासारखा.

आता खरं भांडण. ते नाशिकच्या घरावरून हसत हसत सुरू व्हायचं आणि कधी कधी जेवण गार होईपर्यंत चालायचं. त्या चित्रात एकच घर मावतं. कधीतरी आपलं घालायचंच झालं तर कुठलं घालायचं? तुम्ही म्हणायचात, साताऱ्याकडचं. रिटायर झालो की गावी जायचं, भावाशेजारी दोन खोल्या आहेत, आभाळ मोठं आहे. मी म्हणायची, घिवली. माझ्या माहेरची वाडी, नारळ, समुद्राचा वारा. तुमच्या गावात मला श्वास कोरडा लागतो, आणि माझ्या गावात तुम्हाला मासळीचा वास येतो. दोघंही खरं बोलत होतो आणि कुणीच मागे हटत नव्हतं.

आणि राहत कुठे होतो? इथे, बोईसरला, लग्न झाल्यापासून. आधी भाड्यानं, मग विकत घेऊन. तरी जागेला तुम्ही शेवटपर्यंत रूमच म्हणालात. इथे बाहेरून आलेला प्रत्येक जण तेच म्हणतो. सातारचा असो, विदर्भातला असो, नाहीतर बिहारचा, घर गावाकडे आणि बोईसरला रूम. "रूमवर चल," तुम्ही म्हणायचात. तुमचं ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले, मी तर इथली असून. रूमवर आहे. रूमला रंग द्यायचाय. रूमच्या गॅलरीत मोगरा लावलाय. इतकी वर्षं आपण एका खोलीत मुक्काम केल्यासारखे राहिलो.

नकाशालाही ते पटलेलं होतं. मुख्य रस्ता सोडून आपल्या गल्लीत वळलं की पडद्यावरचा रस्ता संपायचा आणि गाडीची खूण मोकळ्या रानात जाऊन उभी राहायची. सगळं दिसायचं, पेट्रोल पंप, फाटकावरचा पूल, दवाखाने. आपली गल्लीच नव्हती. "आपण नकाशात नाही," तुम्ही म्हणायचात आणि दरवर्षी कंपनीला कळवायचात. उत्तर यायचं, आभारी आहोत. मी म्हणायची, आपल्याला माहितीय ना आपण कुठे राहतो, झालं तर मग. तुम्हाला ते पुरेसं वाटायचं नाही. का वाटायचं नाही, हे मी कधी नीट विचारलं नाही.

त्या सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि मी तुम्हाला पालघरच्या हॉस्पिटलला नेत होते. गणपती नुकतेच गेले होते. तुम्ही तुमच्याच जागेवर, सीट मागे करून. बाईचा आवाज बंद होता. उमरोळी गेल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "नकाशा उतरवून ठेवलाय. खणात आहे. नवमीला घालू."

"आधी बरे व्हा."

"आणि या खेपेला घर पण घालू. आपलं."

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. मला वाटलं, बोलतायत म्हणजे बरे आहेत. मी नेहमीसारखं ठसक्यात म्हटलं, "कुठलं घालायचं ते ठरवा आधी."

तुम्ही थोडं हसलात. "बघू," म्हणालात.

हा तुमचा शेवटचा शब्द. नंतर हॉस्पिटलात नळ्या होत्या आणि बोलणं नव्हतं. बघू! गॅस सिलिंडर संपला, बघू. गावच्या खोल्यांचे पत्रे उडाले, बघू. आयुष्यभर मला या शब्दाचा संताप आला आणि तुम्ही जाता जाता तोच माझ्या हातावर ठेवून गेलात. मी तुमच्यावर फार चिडले आहे. रडू येतं त्यात अर्धा राग आहे, आणि तो काढायला तुम्ही समोर नाही.

तुम्ही गेल्यावर लोकांना प्रश्न पडला, हिचं काय करायचं. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणून प्रत्येकालाच वाटतं की मला कुठेतरी नेऊन ठेवायला हवं. माझा भाऊ तेराव्याला आला तो टेम्पोवाल्याशी बोलूनच. "ताई, तू आपली घिवलीला ये. वाडीत खोली रिकामी हाय, आमी सगळी हाव. हितं एकटी कशाला रेतेस?" तुमचे धाकटे भाऊ पाण्यानं भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "वहिनी, गावाकडं चला. दादाच्या हक्काच्या खोल्या हायत्या. गाडी बी घेऊन चला, पोरं चालवतील." दोघंही मायेनं बोलत होते. दोघांनाही मी तेच सांगितलं जे तुम्ही सांगितलं असतंत. बघू.

मग रात्रंदिवस मी तेच घोळवत राहिले. तुम्हाला काय हवं होतं? सातारा म्हणाला असतात, तर मी गेले असते. कोरडा श्वास घेत राहिले असते. घिवली म्हणाला असतात तर मला वाटलं असतं, अखेर माझं ऐकलंत. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. आपलं, एवढंच म्हणालात.

काल सकाळी खाली गेले. सगळ्या गाड्या धुतलेल्या, झेंडूचे हार, रिक्षांना केळीचे खुंट. आपलीच गाडी तेवढी उघडी. मी आत बसले, इंजिन चालू केलं, पेनड्राइव्ह लावला. तुम्ही करायचात ते बघून बघून मला सगळं पाठ झालं होतं, फक्त तुम्हाला तसं कळू दिलं नव्हतं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकायला लागली. मध्येच शिकवणीची पोरं आली, बाई आज वर्ग आहे का विचारायला. कुणाचा बाप गोरखपूरचा, कुणाचा यवतमाळचा, आणि सगळी माझ्याकडे मराठी शिकतात. संध्याकाळी या म्हटलं. त्यांच्याकडे बघायला मान वळवली, एवढ्यात तुमच्या बाजूचं दार उघडून खालच्या मजल्यावरचे यादवजी आत वाकले आणि त्यांचा हात किल्लीकडे आला.

"भाभीजी, गाड़ी चालू रह गई है. बंद कर दूँ?"

"हाथ मत लगाना!" मी अशी ओरडले की रिक्षावाले वळून बघायला लागले. बिचारे यादवजी दोन पावलं मागे गेले. मी किल्लीवर हात ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा, आणि तिथेच, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, रडले. यादवजी गाडीपुढे उभे राहिले आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मग पडदा विझला, माझा जीव टांगणीला लागला, आणि तो पुन्हा उजळला. नवा नकाशा. अहो, आपली गल्ली आली आहे. नाव नाही तिला, नुसती एक बारीक करडी रेघ, मुख्य रस्त्यापासून निघून आपल्या बिल्डिंगपर्यंत येणारी. पण गाडीची खूण आता रानात नाही, रेघेवर उभी आहे. तुमच्या कळवण्यामुळे झालं की आपोआप, कोण जाणे. मी पडद्याला बोट लावून ती रेघ पुन्हा पुन्हा बघितली. मग मला कळलं की तुम्ही दरवर्षी नवमीला कशाची वाट बघत होता. रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच येत होते. तुम्हाला हीच जागा त्यात यायला हवी होती.

आपण माझ्या गावासाठी आणि तुमच्या गावासाठी भांडलो, पण भांडायला बसायचो ते इथल्या ओट्याशी. मोगरा इथला आहे. तुमची चष्म्याची डबी इथल्या खिडकीत आहे. संध्याकाळी शिकवणीला पोरं इथे येतात.

नाशिकचं घर मी पुसलं नाही. आधी ते आवडत्या जागांच्या यादीत सरकवलं, त्या माणसाच्या आईच्या नावानं मनातल्या मनात हात जोडले, आणि मग घराचं चित्र दाबून गाडी उभी होती तीच जागा घर म्हणून भरली. तुम्हाला न विचारता. चुकलं असेल तर तुम्ही बघू म्हणायला नको होतंत.

दुपारी एकटीच पालघरपर्यंत जाऊन आले. परत येताना पडद्यातल्या त्या बाईचा आवाज सुरू ठेवला. फाटकावरच्या पुलावरून, पंपापासून उजवीकडे, आणि पहिल्यांदाच गल्लीत वळल्यावरही ती बोलत राहिली, थेट दारापर्यंत. मी तिचं ऐकलं. शेजारच्या सीटकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.

गाडी लावून वर आले तोवर तुमच्या भावाचा फोन वाजत होता. सकाळपासून लावत होते.

"वहिनी, हाय कुठं तुमी?"

"घरी," मी म्हटलं.

ते घोटाळले. "घरी म्हंजी? घिवलीला गेलाय व्हय?"

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "घरी."